पण

तरीही मला वाटतं, त्या वाक्यात ‘पण’ नको होतं.

‘गड आला पण सिंह गेला.’ वेल्समध्ये हार्लेखहून कॉन्वीला परतताना हे वाक्य माझ्या तोंडात आलं आणि तिथंच राहिलं. गाडी नवरा चालवत होता. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना रचीव दगडांचे गडगे, गडग्यांपलीकडे ओल्या मेंढ्या. वळण आलं की डांबरावर पांढऱ्या अक्षरांत वेल्श शब्द येई, ‘आराव’. म्हणजे हळू. मीही ते वाक्य हळू म्हणून पाहत होते, एकेक शब्द सुटा करून.

‘आला’ मला फार आवडतं. गड घेतात, जिंकतात, सर करतात. पण आपल्या माणसांना सांगताना ‘गड आला’ म्हणतात. पाऊस येतो तसा, चुकलेलं गुरू सांजेला गोठ्यात येतं तसा. डोंगरमाथ्यावरचा दगड जागचा हलत नाही, हलतात आणि मरतात ती माणसं. तरी भाषा म्हणते, तो आला. म्हणजे तो आपलाच होता, मध्यंतरी कुठं तरी गेला होता. मालकीचा सगळा दावा एका क्रियापदात.

इथं ते क्रियापद कुणाच्या तोंडी द्यायचं, हे मला आठवडाभर कळलेलं नाही. 1282 च्या डिसेंबरात वेल्सचा राजपुत्र ल्यूएलिन मारला गेला आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं कॉन्वी, कार्नार्वन आणि हार्लेख या तिन्ही किल्ल्यांची कामं काढली. कॉन्वी गावाला 21 बुरुजांचा तट आहे. तेव्हा त्याच्या आत वस्ती इंग्लंडहून आणलेल्यांची; वेल्श माणसानं तिथं घर करायचं नाही. तटावरून चालताना तो फार आनंदात होता. त्याची विशी-पंचविशी राजगड-तोरण्यावर गेली आहे. कुठंही किल्ला दिसला की तो जंग्या मोजतो, पाण्याची सोय शोधतो, चोरवाट कुठून उतरत असेल ते पाहतो. मलाही त्यानंच किल्ला वाचायला शिकवलं. पण आम्ही शिकलो ते आपल्या गडांवर, जिथं दरवाजातून आत जाताना ऊर भरून येतो. इथं तोच बुरूज, तोच तट, आणि तो कुणाच्या तरी छातीवर ठेवलेला. ऊर भरून आला तर तो कुणाच्या बाजूनं, असं मी त्याला विचारलं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

हार्लेखचा किल्ला उंच कड्यावर आहे. एके काळी समुद्र थेट कड्याच्या पायथ्याशी होता. वेढा पडला तरी रसद गलबतातून यायची आणि दगडी पायऱ्यांनी वर चढायची. आता मधे वाळूच्या टेकड्या, गोल्फचं मैदान आणि रेल्वेचे रूळ. पायऱ्या अजून खाली उतरतात, समुद्रच निघून गेला आहे.

हा किल्ला 1404 मध्ये वेल्श लोकांकडे आला. इथं ‘आला’ म्हणताना माझी जीभ अडखळत नाही. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या ओवाइन ग्लिनडूरनं तो घेतला, घरच्यांना इथं आणलं आणि पुढच्या वर्षी इथंच आपली पार्लमेंट भरवली. 1409 मध्ये किल्ला गेला. वेढ्यात जावई एडमंड मॉर्टिमर मेला. ग्लिनडूर निसटला, तेव्हाही सापडला नाही आणि पुढे कधीच नाही, त्याची कबरसुद्धा कुणाला ठाऊक नाही. नवरा हे मला वाचून दाखवत होता, आवाजात चढ येत होता. मी म्हटलं, “आणि बायको?”

“ती सापडली,” तो म्हणाला आणि पुढच्या ओळीवर गेला.

मार्गारेट हॅन्मर तिचं नाव. ती, मुलगी कात्रिन, कात्रिनची लेकरं, सगळ्यांना लंडनच्या टॉवरमध्ये नेलं. कात्रिन आणि तिच्या दोन मुली 1413 मध्ये तिकडेच मेल्या. म्हणजे आपलं वाक्य इथं उलटं होतं: गड गेला पण सिंह निसटला. आणि मग माझ्या लक्षात आलं की वाक्य सुलटं ठेवा की उलटं करा, या बायकांना त्यात जागा नाही. ‘पण’ हा तराजूचा काटा आहे. एका पारड्यात गड, दुसऱ्यात सिंह. तिसरं पारडं नाही.

माझी आजी तानाजीची गोष्ट तांदूळ निवडता निवडता सांगायची. आधी लगीन कोंढाण्याचं, मग रायबाचं, इथं तिचे हात थांबायचे. मांडव पडलेला, हळद दळलेली, आमंत्रणं फिरलेली, आणि घरचा कर्ता लढायला निघालेला. गड आला, सिंह गेला, शेलारमामा लढला, सगळं झालं की मी दर वेळी विचारायची, “मग रायबाचं लग्न झालं का?” आजी म्हणायची, “झालं की. महाराजांनी स्वतः लावून दिलं.” एकदा मी विचारलं, “मग रायबाच्या आईनं त्याला हळद लावली?”

आजी चाळिशीच्या आत विधवा झालेली. घरातल्या प्रत्येक लग्नात ती पहाटेपासून चुलीपाशी असे आणि हळदीची वेळ झाली की मागच्या पडवीत जाऊन बसे. कुणी तिला जा म्हणत नसे. ती आपणहून उठायची, इतक्या सहज, की मला ती कामालाच गेली असं वाटायचं. त्या दिवशी तिनं सुपातला एक खडा उचलला, बाहेर टाकला आणि म्हणाली, “लांबून पाहिली असेल.”

आज हार्लेखच्या दरवाजावरच्या खोलीत उभं राहून मला हे आठवलं. पन्नास वर्षांत आठवलं नव्हतं. त्या खोलीला समुद्राकडे मोठ्या खिडक्या आहेत. मार्गारेट तिथं उभी राहत असेल, असं मला वाटून गेलं.

गाडीत तो म्हणाला की ‘सिंहगड’ हे नाव 1670 च्या आधीच्या कागदांतही सापडतं. तेव्हा ते वाक्य कुणी मागाहून रचलेलंही असू शकेल. त्याला वाटलं, यानं मला बरं वाटेल. उलट झालं. रचलेलं असेल तर कुणी तरी बसून ‘पण’ निवडला. ‘आणि’ हाताशी असताना.

मग मी ‘आणि’ घालून पाहिलं. गड आला आणि सिंह गेला. ऐकवेना. हा तर रोजकीर्दीतला जमाखर्च झाला. ‘पण’पाशी निदान कुणाचा तरी श्वास अडकतो. शिवाजीराजांचा नसेल तर गोष्ट सांगणाऱ्याचा. आजीचे हातही त्याच्या आसपासच थांबायचे. म्हणजे मी परतीच्या वाटेपासून ज्या शब्दाशी भांडते आहे, दुःखाला त्या वाक्यात तेवढीच जागा आहे की काय?

योलो गोख नावाच्या वेल्श कवीनं ग्लिनडूरच्या सखार्थच्या घराचं वर्णन केलं आहे. तळं, मासे, फळबाग, क्वचितच दिसणारं कडीकुलूप, आणि बायकांत उत्तम अशी घरधनीण. मार्गारेटचं हे कौतुक किल्ल्यातलं नाही, घरातलं आहे. 1403 मध्ये इंग्लंडच्या राजपुत्रानं ते घर जाळलं. हार्लेखचा दगड मात्र इतका पक्का की आम्ही आज त्यावरून हात फिरवून आलो.

आता रात्रीचे साडेदहा झालेत. खिडकीतून कॉन्वीचे बुरूज दिसतात, खालून दिवे सोडलेले. फार सुंदर दिसतात, आणि हे मी मनापासून लिहिते आहे. उद्या लंडनला जायचं आहे, परवा दुपारी विमान. कॅनन स्ट्रीटजवळ एका जुन्या चर्चच्या जागेवर छोटी बाग आहे, तिथं कात्रिनचं स्मारक आहे. युद्धात भरडल्या गेलेल्या सगळ्याच बायका-मुलांसाठी ते 2001 मध्ये उभारलं. त्यानं मघाशी नकाशात शोधून काढलं आणि विचारलं, “जायचं का? सकाळी वेळ आहे.”

मी म्हटलं, बघू. त्यानं दिवा मालवला नाही, मी लिहिते आहे म्हणून. तिथं जाऊन मी नेमकं काय करणार आहे, तेच मला कळत नाही.