चिंचोक्यांचा हिशेब

पहिल्या भेटीत बहुतेक आया दोनच गोष्टी बोलतात. ‘सैलानीले नेऊन आणलं’ ही एक आणि ‘सर्टिफिकेट भेटते का’ ही दुसरी. पहिलीवर मी काही म्हणत नाही. बुलढाणा जिल्ह्यात कुणाच्या डोक्याचं बिनसलं असं वाटलं की घरचे आधी सैलानीबाबाच्या दर्ग्यावर जातात, त्यात हिंदू-मुसलमान असं काही नसतं. आणि तिथे जाऊन आलेली आई निदान लेकराला घेऊन घराबाहेर पडलेली असते, ही माझ्या दृष्टीने जमेची बाजू. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार धरले आहेत, त्यात स्वमग्नता आहे. त्याआधी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातही होती. त्याच न्यासाचा निरामय विमा लाख रुपयांपर्यंतचा आहे. कोणते कागद लागतात ते सांगून झालं की आई पदर सावरून उठायला लागते. माझं काम तिथून पुढे सुरू होतं.

मी वर्तन विश्लेषण करते. राहते बुलढाण्यात, पण महिन्यातून दोनदा घाट उतरून रोहिणखेडला जाते. मोताळा तालुक्यातलं हे गाव इतिहासात बरंच मोठं आहे. १४३७ साली खानदेशच्या नासिरखानाचा इथे बहामनी फौजेने पराभव केला, आणि खुदावंदखानाने १५८२ साली बांधलेली मशीद इथे आहे. गावाला इतिहास भरपूर. न बोलणाऱ्या चार वर्षांच्या पोराला कुठे न्यायचं, याचं उत्तर मात्र गावात नाही. म्हणून ते उत्तर घरातच तयार करावं लागतं. आईबापांना शिकवायचं, ते लेकराला शिकवतील.

‘स्वमग्न’ हा शब्द मला फारसा आवडत नाही, पण दुसरा रुळलेला नाही. ज्या पोराबद्दल सांगणार आहे, त्याला गोलू म्हणू. तो स्वतःत मग्न वगैरे नव्हता. तो पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यात मग्न होता, नळाच्या धारेत मग्न होता आणि सगळ्यात जास्त पोंग्यांत. किराणा दुकान दिसलं की रस्त्यात लोळण, अशी किंकाळी की समोरच्या ओसरीतली माणसं उठून यायची. आजी पटकन पाकीट घेऊन द्यायची आणि गोलू गप्प.

‘काय करू जी, त्याले भूक लागते,’ आई म्हणाली.

आमच्या शास्त्राचा गाभा तीन प्रश्नांत सांगता येतो: आधी काय झालं, त्याने काय केलं, मग काय झालं. लोळण हे मधल्या प्रश्नाचं उत्तर. आधी दुकान दिसलं, नंतर पाकीट आलं. म्हणजे गोलू हट्टी नव्हता, तो शहाणा होता. बोलता येत नसताना पोंगे मिळवायचा खात्रीचा मार्ग त्याने शोधून काढला होता. प्रत्येक वर्तनामागे काहीतरी काम असतं. काही हवं असतं, काही टाळायचं असतं, कुणीतरी आपल्याकडे पाहावं असं वाटत असतं, किंवा ती कृतीच अंगाला बरी वाटते. हे काम कोणतं ते कळल्याशिवाय उपाय सांगू नये, असं मी प्रत्येक आईला सांगते. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते माझ्यावरच उलटणार आहे.

नोंदीसाठी मी सहा रकान्यांचा छापील तक्ता दिला. पंधरा दिवसांनी तो परत आला तेव्हा सगळे रकाने एकाच शाईत, एकाच वळणात भरलेले होते. आदल्या रात्री नववीतल्या पुतणीकडून लिहून घेतलेले. राग आला; पण बाई दिवसभर कपाशी वेचते, तिथे कागद-पेन कुठे मिरवणार? मग विचारलं, वेचणीचा हिशेब कसा ठेवता? ती हसली. संध्याकाळी काट्यावर वजन होतं, आणि आपल्या गाठोड्याचे किलो किती ते वेचणारीला काट्याआधीच अंदाजाने ठाऊक असतं. मोजणं तिला शिकवायचं नव्हतंच. कागद तेवढा काढून टाकायचा होता.

दोन पिशव्या ठरल्या आणि चिंचोके. गोलूने लोळण घेतली की एक चिंचोका कमरेच्या उजव्या पिशवीतून डाव्या पिशवीत. रात्री निजण्याआधी डावी पिशवी मोजायची आणि आकडा चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने लिहायचा. पहिल्या आठवड्याचे आकडे मला पाठ आहेत: नऊ, अकरा, आठ, अकरा, बारा, सात, दहा. सातचा दिवस बुधवार होता. त्या दिवशी दुकान बंद होतं आणि लोळण नळापाशी झाली होती. हे तिने आपणहून सांगितलं. कोणत्याही तक्त्याने मला ते सांगितलं नसतं.

आईबापांवर हे ओझं का टाकायचं, असं शहरातले सहकारी विचारतात. उत्तर जुनं आहे. लॉस एंजेलिसमध्ये ईवार लोवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचार संपल्यानंतर मुलांचं काय होतं ते तपासलं आणि १९७३ साली छापलं. ज्यांचे आईबाप शिकून तयार झाले होते त्यांची प्रगती टिकली. जी मुलं पुन्हा संस्थेत गेली त्यांची गळून गेली. याच लोवासांचा १९८७ चा अभ्यास जास्त गाजला: एकोणीस मुलांना आठवड्याला चाळीस तास शिकवलं, त्यातली नऊ साध्या शाळेच्या वर्गात बसू लागली. चाळीस तासांचा आकडा ऐकून आपल्याकडचे किती बाप हबकले असतील! तो अभ्यास निर्दोष नव्हता. मुलं चिठ्ठ्या टाकून गटांत वाटलेली नव्हती, आणि त्या काळच्या त्या उपचारात पोरांना चापट मारणंही बसत होतं. आज मोठे झालेले स्वमग्न लोक आमच्या शास्त्रावर रागावतात, त्यातला बराचसा राग मला रास्त वाटतो. डोळ्यात बघ, हात झटकू नकोस, असं वर्षानुवर्षं घोकून घेतल्याने कुणाचं भलं झालं? गोलू आनंद झाला की दोन्ही हात पाखरासारखे झटकतो. त्याच्या काकाने ते ‘बंद करून द्या’ म्हटलं तेव्हा मी सरळ नाही म्हणाले. चापटीचं आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘मारायचंच असतं तं तुमच्यापाशी कायले आली असती?’

मला जास्त पटतो तो २०१५ चा अमेरिकेतला अभ्यास. तीन ते सात वर्षांची १८० मुलं आणि २४ आठवडे. निम्म्या आईबापांना वर्तन कसं हाताळायचं ते शिकवलं, निम्म्यांना फक्त स्वमग्नतेची माहिती दिली. शिकवलेल्यांच्या घरी चिडचिड-आदळआपट सुमारे ४८ टक्क्यांनी उतरली. पण गंमत पुढेच आहे: नुसती माहिती मिळालेल्यांच्या घरीही ३२ टक्क्यांनी उतरली. कुणीतरी दर काही दिवसांनी बसून आपलं ऐकून घेतंय, एवढ्याने आईचा आवाज खाली येतो, असं मी गावात रोज बघते. आणि हे शिकवायला माझ्यासारखी पदवीवालीच लागते असंही नाही. गोव्यात संगाथ या संस्थेने आणि पलीकडे रावळपिंडीत साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी ६५ मुलांच्या घरांसोबत काम केलं. २०१६ साली त्याचे निष्कर्ष आले. त्यांची पद्धत संवादाची होती, माझी नव्हे. तरी आईवडील लेकराच्या कलाने घेऊ लागले आणि लेकरं आपणहून बोलणं-खुणावणं सुरू करू लागली.

तर गोलू. लोळण बंद करायची तर मागायचा दुसरा रस्ता आधी द्यावा लागतो. हा क्रम चुकला तर आपण पोराची जीभच कापतो. पोंग्याच्या पाकिटाचा तुकडा कापून पुठ्ठ्यावर चिकटवला, वरून सेलोटेप. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली अमेरिकेत चित्रांची ही पद्धत सुरू केली. त्यात सुरुवातीला दोन माणसं लागतात. आई समोर, तिच्या मुठीत पोंगे. आजी गोलूच्या मागे. तो मुठीकडे झेपावला की आजीने मागून त्याचा हात धरून कार्ड उचलवायचं आणि आईच्या तळहातावर ठेवायचं. ठेवलं त्या क्षणी एक पोंगा. मागच्या माणसाने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, नाहीतर पोरगं कार्डाऐवजी हुकमाची वाट बघायला शिकतं. इथेच सगळं अडलं. आजीला गप्प बसणं जमेना. ‘दे रे राजा, मायच्या हातात दे,’ हे प्रत्येक वेळी. शेवटी मी तिला तोंडात सुपारी धरायला सांगितलं.

चौथ्या दिवशी गोलूने मागच्या हाताशिवाय कार्ड दिलं. मग लोळण घेतल्यावर पाकीट द्यायचं नाही, कार्डावर मात्र लगेच, असं ठरलं. आजीला यातलं ‘नाही’ पटत नव्हतं. मी तिला मटक्याचं उदाहरण दिलं: आकडा लावणाऱ्याला रोज पैसे मिळत नाहीत, कधीतरी मिळतात, म्हणून तर तो जन्मभर लावत बसतो. दहा लोळणींमागे एकदा जरी पाकीट दिलंत तरी तुम्ही त्याला आकडा लावायला शिकवताय. हे तिला पटलं, कारण धाकट्या दिराने त्यात वावर घालवलं होतं. आणि एक इशारा दिला: आधी वाढेल. जे नेहमी मिळत होतं ते थांबलं की लेकरू आणखी जोर लावून बघतं, तेव्हा डगमगू नका.

तसंच झालं. भिंतीवर चौदा, सोळा, मग नऊ, सहा, तीन. मी खूश. आणि मग आईचा फोन: गोलू स्वतःच्या कानावर थापडा मारतोय, फार जोरात. मी म्हणाले, शेवटचा जोर आहे, लक्ष देऊ नका. दोन दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा तेच उत्तर, जरा चढ्या आवाजात. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी मी गेले तेव्हा ओसरीवर आजी गोलूची उशी घेऊन बसली होती. काही न बोलता तिने ती माझ्या नाकाशी धरली. पुवाचा वास. कान फुटला होता.

भिंतीकडे बघितलं तर आईने थापडांचे चिंचोके वेगळे मोजले होते, दिवसाचे एकीकडे, रात्रीचे एकीकडे. रात्रीचे जास्त होते. रात्री दोन वाजता गोलू कुणाकडे पोंगे मागणार होता? आडवं झालं की कान ठणकतो, हे कुणाही बाईला कळतं. आकडे समोर होते, फोनवर मी ते विचारलेच नाहीत. मला माझा इशारा खरा ठरलेला बघायचा होता. वर्तनामागचं काम कळल्याशिवाय उपाय सांगू नये, असं मीच सांगत फिरत होते. आता पहिल्याच भेटीत कान, दात, पोट आणि शौच विचारते, आणि अचानक नवं काही सुरू झालं तर आधी डॉक्टर, मग मी. त्या आजीला मी माझ्या वहीत ‘अडथळा’ लिहिलं होतं. ते खोडलं.

डॉक्टरांच्या औषधाने आठवड्याभरात कान बरा झाला. पोंग्यांच्या लोळणी आता आठवड्याला एखादी. शब्द अजून नाहीत. कार्डं सात झाली आहेत, त्यात एक गिरणीचं. काका अजून हातांबद्दल कुरकुरतो.

मागच्या खेपेला मी अंगणवाडीच्या पायरीवर बसून त्या नववीतल्या पुतणीशी बोलत होते. गोलू आला, माझ्या तळहातावर पोंग्यांचं कार्ड ठेवलं आणि उभा राहिला. आजवर त्याने ते घरच्यांखेरीज कुणाला दिलं नव्हतं. कार्ड आलं की लगेच द्यायचं, विचार करायचा नाही, हा नियम माझाच. पर्समध्ये चष्म्याचं घर, बसचं तिकीट आणि खोकल्याच्या गोळ्या. दुकान बंद, बुधवार. आजी कमरेवर हात ठेवून मजा बघत होती.

‘द्या न जी आता,’ ती म्हणाली, आणि तोंडातली सुपारी तिने गालात सरकवली.