पडद्यावरचा वाडा

सदाशिव पेठेंतला आमचा वाडा 1993 सालीं पाडण्यांत आला. त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या चारमजली इमारतींत दादाला आणि मला एकेक बिऱ्हाड मिळालें. दोन्ही बिऱ्हाडांचीं दारें समोरासमोर आहेत. आणि वाडा विकण्याच्या कागदावर पहिली सही माझी होती, हें दादा विसरला नव्हता. आम्ही एकमेकांशीं बोलतच नव्हतों असें मात्र कुणीं समजूं नये. नळाला पाणी आलें कीं नाहीं, विजेचें बिल कुणीं भरलें, इतकें आम्ही नेमानें बोलत असूं.

अशा स्थितींत 1996 च्या दिवाळीच्या सुटींत दादाचा मुलगा एक वही घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, आपला चौक किती फूट होता हो?"

मला वाटलें, कॉलेजांत कांहीं निबंध लिहावयाचा असेल. पण तो 'डूम' नांवाच्या संगणकावरच्या खेळांत आमचा वाडा उभारीत होता! हा खेळ 1993 च्या डिसेंबरांत, म्हणजे आमचा वाडा पडला त्याच सालीं, टेक्ससमधल्या इड सॉफ्टवेअर या मंडळींनीं काढला. खेळणारा हातीं बंदूक घेऊन दालनांदालनांतून हिंडतो आणि राक्षस मारतो. एवढ्यावरून या खेळाविषयीं माझें काय मत झालें असेल तें वाचकांनीं ओळखावें. पण त्या मंडळींनीं एक शहाणपणा केला होता. खेळ चालविणारा कार्यक्रम निराळा, आणि नकाशे, चित्रें, आवाज हा सारा ऐवज निराळा, अशी त्यांनीं वांटणी केली होती. त्यामुळें 1994 पासून देशोदेशींचीं हौशी माणसें आपापले नकाशे रचून त्या खेळांत घालूं लागलीं. आमचा पुतण्या त्यांतलाच एक.

पंधरा दिवस तो विचारीत होता आणि मी सांगत होतों. दिंडी दरवाजा, पडवी, ओसरीचे खांब, तुळशीवृंदावन, माजघर, कोठीची खोली. त्या खेळांत एका दालनावर दुसरें दालन चढवितां येत नाहीं, म्हणून माडी परसांत उतरवावी लागली. देवघरांत मात्र राक्षस ठेवावयाचा नाहीं, असें मीं निक्षून सांगितलें. त्यानेंही तें ऐकलें.

नकाशा पुरा झाल्यावर तो पाहावयास मी समोरच्या दारांतून दादाच्या घरांत गेलों. दादा आंतल्या खोलींत वर्तमानपत्र वाचीत होता; त्यानें वर पाहिलें आणि पुन्हां वाचूं लागला.

वाडा ओळखूं येत होता. पण त्याला दोन व्याधी जडल्या होत्या. चौकांत पाऊल टाकलें कीं चित्र अडखळूं लागे, आणि कोठीच्या खोलींत शिरलें कीं समोरची भिंत लुकलुके. पुतण्याचें यंत्र 486 जातीचें, त्या काळीं देखील जरा वयस्करच. पण दोष यंत्राचा एकट्याचा नव्हता. चौकांत उभें राहिलें म्हणजे चारी बाजूंचे खांब, दारें, पायऱ्या एकदम नजरेंत येतात, आणि त्या सगळ्यांचें चित्र सेकंदाला पस्तीस वेळां नव्यानें काढावयाचें असतें. शिवाय प्रत्येक राक्षस वारंवार विचारीत असतो, 'मला माणूस दिसतो काय?' कोणत्या दालनांतून कोणतें दालन दिसणें शक्यच नाहीं, याचें एक कोष्टक नकाशाबरोबर देतां येतें. तें असलें कीं उत्तर तत्काळ मिळतें. पुतण्यानें तें कोरें ठेवलें होतें. म्हणून परसांतल्या राक्षसाला ओसरीवरचा माणूस दिसतो कीं नाहीं, हें दर खेपेस मधल्या साऱ्या भिंती तपासून ठरवावें लागे. दोन रात्री जागून त्यानें कोष्टक भरलें, आणि चौक बराच सुधारला.

कोठीच्या भिंतीचा प्रकार मला अधिक चमत्कारिक वाटला. आपण पाटीवर नवें गणित मांडण्यापूर्वीं जुनें पुसतों. हा खेळ पुसत नाहीं. पडद्याचा प्रत्येक ठिपका नव्या चित्रानें झांकला जाईलच, या विश्वासावर तो जुन्यावरच रंग भरीत जातो. आतां एखाद्या भिंतीला चित्रच नेमून दिलें नसेल, तर तेवढी जागा कोरी न दिसतां तिथें मागचें उरलेंसुरलें दिसत राहतें. त्यांतून हा खेळ एक नव्हे, तीन पाट्या आळीपाळीनें वापरतो. तिन्हींवरचें उष्टें निरनिराळें. म्हणून तें नुसतें दिसत नाहीं, लुकलुकतें. माजघराचें दार, ओसरीचा खांब, माझ्या हातांतली बंदूक, सारें त्या भिंतीवर फरफटत चाललेलें मला दिसलें.

"चित्र कां दिलें नाहींस?" मीं विचारलें.

"काका, त्या भिंतीला काय होतें तें तुम्हांला आठवलें नव्हतें. आठवल्यावर भरूं म्हटलें."

खरेंच आठवलें नव्हतें. त्या खोलींत माझा जन्म झाला असें आई सांगे.

मागून आवाज आला, "तिथें फडताळ होतें." दादा चष्मा कपाळावर चढवून दारांत उभा होता. "लोणच्याच्या बरण्या असत त्यांत. आणि वर एक झरोका. मांजर येईल एवढा."

पुतण्यानें त्याच रात्रीं फडताळ आणि झरोका केला. भिंत स्थिर झाली. पण आतां चौकांतून माजघराच्या दाराकडे पाहिलें कीं खेळच बंद पडूं लागला. काळ्या पडद्यावर इंग्रजींत एक ओळ येई आणि संपलें. एका दृष्टिक्षेपांत जमिनीचे आणि छताचे निरनिराळ्या उंचीचे व उजेडाचे मिळून 128 तुकडेच मावतात. फडताळाच्या कप्प्यांनीं तो आंकडा ओलांडला होता. (पुढें 1997 च्या डिसेंबरांत त्या मंडळींनीं कार्यक्रमाचें मूळ लेखन सर्वांना खुलें केलें, आणि लोकांनीं ही मर्यादा काढून टाकली. पण ही गोष्ट आधींची.) कांहींतरी कमी करणें भाग होतें.

"वृंदावनाच्या खालच्या दोन पायऱ्या काढ," मी म्हणालों.

"वृंदावनाला हात लावायचा नाहीं," दादा म्हणाला. "ओसरीची पायरी काढ. नाहीं तरी ह्याच्या लग्नांत तिच्यावरून व्याही पडले होते."

"दादा, ते पायरीवरून नाहीं, तुझ्या चपलांवरून पडले."

"माझ्या चपला दिंडीपाशीं असत!"

वहिनींनीं जेवावयास दोनदां हांक मारली. पुतण्या कळांवर बोटें ठेवून बसला होता. "तुम्ही दोघे काय तें ठरवा," तो म्हणाला, "मी तेवढें काढतों."

दादानें खुर्ची ओढून घेतली.