नाळेतलं रक्त कुणाचं?

चळवळीच्या भाषणांत ‘नाळ’ हा शब्द हमखास येतो. शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या माणसाची समाजाशी नाळ तुटली, असं आपण एकमेकांना सुनावत असतो. इथे मात्र आम्हाला खऱ्या नाळेबद्दल बोलायचं आहे. बाळ जन्मल्यावर ती किती वेळानं कापायची, हा प्रश्न डॉक्टरांचा म्हणून आपण सोडून दिला. आमचं म्हणणं असं की हा आपल्या लेकरांच्या रक्ताचा प्रश्न आहे, म्हणून तो चळवळीचाही आहे.

आधी शास्त्र समजून घेऊ. जन्माच्या क्षणी बाळाचं सगळं रक्त बाळाच्या अंगात नसतं. जवळपास एक तृतीयांश रक्त वारेत आणि नाळेत असतं. बाळ बाहेर आल्यावरही नाळ काही मिनिटं ठोके देत राहते आणि ते रक्त बाळाकडे येत राहतं. तीन मिनिटं थांबलं तर साधारण ८० ते १०० मिलीलिटर. मोठ्या माणसाला हे अर्धा पेला वाटेल. पण तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्तच अडीचशे मिलीलिटरच्या आसपास असतं! आईच्या दुधात लोह थोडं असतं, म्हणून सुरुवातीचे महिने बाळ जन्मताना मिळालेल्या लोहावरच काढतं. जन्मताच चिमटा लावला, तर ते रक्त वारेबरोबर बादलीत जातं.

आता आपल्या राज्याची स्थिती बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ५३.८ टक्के होतं. महिलांमध्ये ते ५४.२ टक्के आहे. म्हणजे आईच्या अंगात रक्त नाही आणि लेकराच्याही नाही. काठमांडूच्या प्रसूती रुग्णालयात ५४० बाळांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. मिनिटाच्या आत नाळ कापलेल्या बाळांपैकी आठव्या महिन्यात ८२ टक्के बाळांना रक्तक्षय होता; तीन मिनिटं थांबलेल्यांत ७३ टक्के. फरक छोटा वाटेल, पण त्याची किंमत शून्य रुपये आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ सालीच सांगितलं की मिनिटाच्या आत नाळ कापू नका. केंद्र सरकारच्या २०१८ च्या ‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात किमान तीन मिनिटं थांबण्याची सूचना आहे. कागद तयार आहे. प्रश्न तो लेबर रूमच्या दारातून आत जातो का, हा आहे.

हिंगोली जिल्ह्यात कळमनुरी, सेनगाव, औंढ्याच्या वस्त्यांत आम्ही गरोदर मातांच्या बैठका घेतो. यातल्या कितीतरी जणी ऊसतोडीला, वीटभट्टीला जाऊन आलेल्या, सातव्या महिन्यापर्यंत हळद काढलेल्या असतात. नाळ कधी कापली, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “मला काय माहीत ताई, लेकरू दाखवलं तवा कापेलच होती.” एका ठिकाणी सोबतच्या आजीनं थांबायला सांगून पाहिलं. “बाळंतपण तुम्ही करता का आम्ही करू?” असं ऐकवून तिला बाहेर काढलं. एकेका सिस्टरवर दोन-दोन बाळंतपणांचा भार असतो, हे आम्ही जाणतो. सिस्टरही बहुतेक वेळा आपल्यातलीच असते. पण घाईची किंमत नेहमी ज्याला बोलता येत नाही त्यानंच का मोजायची?

त्या आजीला हे कुठून ठाऊक होतं? पूर्वी गावात बाळंतपण सुईण करायची, आणि पुष्कळ गावांत ती मांग-महार वस्तीतली असायची. नाळ कापणं विटाळाचं काम, म्हणून ते तिच्या जातीवर ढकललेलं. मोबदला पसाभर धान्य आणि जुनं लुगडं. ती वार पडेपर्यंत नाळ कापत नसे. आधी कापली तर वार वर चढते, असं म्हणे. कारण चुकीचं होतं, थांबणं बरोबर होतं. तिचा विळा किंवा ब्लेडही चुकीचाच होता. धनुर्वातानं कितीतरी लेकरं गेली. म्हणून आम्ही जुन्याचा गौरव करत नाही. कालाम सुत्त हेच शिकवतं: परंपरा सांगते म्हणून मानू नका, पांढरा कोट सांगतो म्हणूनही नको. तपासा.

तपासलं तर शंकाही मिटतात. थांबल्यानं आईचा रक्तस्राव वाढत नाही. त्यासाठीचं इंजेक्शन वेळेवर देता येतं. बाळाला आईच्या पोटावर ठेवून, पुसून, झाकून थांबता येतं. काही बाळांना कावीळ थोडी जास्त होऊ शकते, तेव्हा लक्ष ठेवावं लागतं. बाळ रडलंच नाही, श्वास घेत नसेल किंवा आईची प्रकृती बिघडली, तर निर्णय डॉक्टरांचाच.

रमाई आणि बाबासाहेबांची चार लेकरं लहानपणीच गेली. राजरत्न गेला १९२६ साली. २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेब मुंबई कायदे मंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतपण ही बाईची खासगी बाब नाही, त्यात देशाचं हित आहे, ही त्यांची भूमिका होती. आपण ती पुढे न्यायची की फक्त जयंतीला आठवायची?

करायचं काय, तेही अवघड नाही. नवव्या महिन्यात आशाताईला सोबत घेऊन सिस्टरशी आधीच बोला. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीसोबत एक बाई राहू देण्याची सूचना केंद्रानं २०१६ सालीच दिली आहे, ती मागा. वाद न घालता एवढंच म्हणा: “बाळ रडलं असेल तर तीन मिनिटं थांबा.” आणि ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत लेखी विचारा: आपल्या आरोग्य केंद्रात नाळ किती मिनिटांनी कापतात, त्याची नोंद ठेवता का?

१४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपले तरुण रांगा लावून रक्तदान करतात. त्याच शिबिराच्या मंडपात यंदा एक फलक नाळेचाही लावा. वस्तीत जन्मणाऱ्या लेकराला त्याचं स्वतःचं रक्त मिळतं की नाही, हे विचारायला आपल्याला तीन मिनिटंसुद्धा लागणार नाहीत.

जय भीम!