भरलेली बाटली घरी येते तेव्हा

मी शेतीखात्यातला माणूस. बी.एस्सी. (कृषी) होऊन नोकरीला लागलो, त्याला आता तीस वर्षे होत आली. बियाणे, खत, कीड, पाणी याविषयी चार शब्द सांगायचे आणि शेतकऱ्याचे चार शब्द ऐकायचे, हे माझे काम. मी शाळेविषयी लिहितो आहे हे पाहून कोणी म्हणेल, साहेब आपले शेत सोडून दुसऱ्याच्या रानात कुठे शिरले? पण ही गोष्ट मला सापडली ती कापसाच्या शेतातच.

2023 चा नोव्हेंबर महिना. वेचणी ऐन भरात होती. गुलाबी बोंडअळी किती आहे ते पाहायला मी एका गावच्या शिवारात गेलो होतो. सात-आठ बाया ओळीने कापूस वेचत होत्या. कवडी कापूस चांगल्या कापसात मिसळू नका, वेगळा वेचा, असे मी सांगत होतो. तेवढ्यात एका बाईने हात न थांबवता विचारले, "साहेब, तुमचं शाळेत जाणं-येणं असतं का?"

"असतं कधीमधी. परसबागेच्या निमित्ताने."

"मग गुरुजींच्या कानावर एक गोष्ट घाला. माझी पोरगी सहावीत हाय. रोज पाण्याची बाटली भरून देते. रोज भरलेलीच घरी येते. संडासाला कुलूप असतं. पाणी पिलं तर पोरीनं जायचं कुठं? दिवसभर तशीच राहती. दोन महिन्यांत दोनदा उन्हाळी लागली, ताप आला. डॉक्टर म्हणतात भरपूर पाणी पाजा. शाळेत कोण पाजणार?"

बाकीच्या बायांनी माना खाली घातल्या. मग एक म्हणाली, "आमचीबी तशीच करती." आणखी एकीने मान हलवली.

मी विचारले, "ताई, मग शाळेत का नाही सांगितलं? पालकांची बैठक होते की."

ती म्हणाली, "बैठक अकराला असते. अकराला मी हितं असते. आन् तिथं समदे बापे बसलेले. त्यांच्यापुढं असलं कसं बोलावं?"

खरे सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की हे काही आपल्या खात्याचे काम नाही. 'सांगतो' म्हणून निघून जावे. मोटारसायकलपर्यंत आलो आणि मला 2008 सालचा जून आठवला.

त्या वर्षी एक विधवा बाई सोयाबीनची तक्रार घेऊन माझ्याकडे आली होती. बी विकत आणलेले होते आणि उगवत नव्हते. मी कामाच्या गडबडीत होतो. म्हणालो, "बाई, खोल पेरलं असेल. सोयाबीन तीन-चार सेंटीमीटरच्या खाली जाऊ देऊ नये." ती म्हणाली, "खोल नाही पेरलं, साहेब." मी ऐकले नाही. आठ-दहा दिवसांनी त्याच बियाण्याच्या आणखी तीन तक्रारी आल्या, तेव्हा मी तिच्या शेतात गेलो. तिने बोटाने तास उकरून दाखवला. दाणे वरच्यावर, बेताच्या ओलीत, आणि कुजलेले. उरलेल्या पिशवीतले 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात ठेवले. 70 तरी उगवायला हवे होते. निम्मेसुद्धा उगवले नाहीत. मी पहिल्या दिवशी ऐकले असते तर वेळेत पंचनामा झाला असता, भरपाई मागता आली असती. तोवर तिने उसनवारी करून दुबार पेरणी केली होती आणि पहिल्या पेरणीचा पुरावा मोडून गेला होता. ती मला एका शब्दाने बोलली नाही. पण पुन्हा कधी काही विचारायलाही आली नाही.

तेव्हा मला एक कळले. बी उगवते की नाही याची खबर सगळ्यांत आधी पेरणाऱ्याला लागते. अधिकाऱ्याला ती नंतर लागते, आणि तीही त्याने कान उघडे ठेवले तर. शाळेचेही तसेच आहे. हजेरीपटावर ती मुलगी रोज हजर होती. परीक्षेत पास होती. तपासणीच्या कागदावर मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह 'आहे' असे लिहिलेले होते आणि ते खोटे नव्हते. पण बाटली भरलेली घरी येते हे फक्त ती बाटली धुणाऱ्या आईला ठाऊक होते.

मी मोटारसायकल शाळेकडे वळवली.

मुख्याध्यापक गुरुजी चांगले गृहस्थ. पण ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "साहेब, कुलूप मी हौसेने लावत नाही. टाकीत पाणी चढत नाही. संध्याकाळी गावातली पोरं येऊन घाण करतात, तोटी तोडतात. साफ कोणी करायचं? आणि तक्रार कागदावर आली की वर जाते, चौकशी येते. मग कामं बाजूला राहतात."

त्यांचेही खोटे नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. पण मुठीत काटा असेल तर मूठ झाकून चालत नाही. मी म्हणालो, "गुरुजी, कपाशीचं पान लाल पडलं म्हणून शेतकरी कपाशीवर रागावत नाही. मुळाशी काय झालं ते उकरून बघतो. या बायांनी तुमच्या नावाने तक्रार केलेली नाही, खबर दिली आहे."

त्यांनी बैठकांचे रजिस्टर काढले. दर बैठकीपुढे 'चर्चा झाली, सर्वानुमते मंजूर' असा शेरा आणि खाली सह्या. आयांच्या सह्या बहुधा शिपायाने घरी नेऊन आणलेल्या. गुरुजी स्वतःच म्हणाले, "यात चर्चा कुठली, हे मलाही कळतं."

वास्तविक कायद्याने पालकांना मोठा मान दिला आहे. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेला त्याने शाळा व्यवस्थापन समिती लावून दिली. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सभासद मुलांचे आईबाप किंवा पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. शाळेचे कामकाज पाहणे, विकासाचा आराखडा करणे, आलेले अनुदान कसे खर्च होते ते पाहणे ही तिची कामे. मुलांना व मुलींना वेगवेगळे स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी हवे, हेही त्याच कायद्यात लिहिले आहे. म्हणजे त्या आयांचे म्हणणे ही मेहेरबानीची मागणी नव्हती.

आणि हा विचार काही आजचा नाही. 1882 साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळांतले शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते लोकांत मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा व इच्छा जाणतील, असे त्यांनी सांगितले होते. आपले आजचे बहुतेक गुरुजी आणि बाई शेतकऱ्यांच्याच घरचे आहेत. राहिले आहे ते मिसळणे.

गुरुजींनी मनावर घेतले. पुढची बैठक कधी ठेवायची हे त्यांनी त्या बायांनाच विचारायला लावले. उत्तर आले, "रात्री आठला. भाकरी झाल्यावर." आम्ही पीक प्रात्यक्षिक ठेवतो तेसुद्धा शेतकऱ्याच्या सवडीने. मग पालकांची बैठक आपल्या सवडीने ठेवून 'पालक येत नाहीत' म्हणणे बरोबर नाही.

शाळेच्या ओसरीत सतरंज्या घातल्या. खुर्च्या आत ठेवल्या. शाळेतल्या एका शिक्षिका आयांना घेऊन एका वर्गात बसल्या आणि बापे बाहेर बसले. पहिली दहा मिनिटे कोणी बोलेना. मग पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मीच सांगते. पोरी जेवताना पाणी मागत नाहीत. मला वाटायचं, तिखट कमी पडतंय." हसू फुटले आणि बोलणे सुरू झाले.

कुलपाचे निघाले. मग घरच्या अभ्यासाचे निघाले. एक आई म्हणाली, "बाई तुम्ही म्हणता अभ्यास घ्या. मला अक्षर येत नाही. मी काय घेऊ?" शिक्षिकेने सांगितले, "पोराला तुमच्यापुढे बसवून रोज एक पान मोठ्याने वाचायला लावा. तुम्ही नुसतं ऐका. अडखळलं तर तुम्हाला कळेलच."

शिक्षकांचीही बाजू निघाली. वेचणीच्या दिवसांत मोठ्या मुली घरी राहतात, धाकट्या भावंडाला सांभाळतात. मुले सकाळी काही न खाता येतात. शाळेच्या भिंतीआड बसून पत्ते खेळणारे, तोटी मोडणारे कोणाचे आहेत? बाहेर बसलेल्या बाप्यांपैकी एकजण उठला आणि म्हणाला, "त्यात माझा थोरला असतो. त्याचं मी बघतो." सगळे गप्प झाले. असे चारचौघांत बोलायला छाती लागते.

त्या रात्री जे ठरले ते असे. शेजारच्या शेतकऱ्याने विहिरीवरून शाळेच्या टाकीपर्यंत पाणी द्यायचे कबूल केले. दुसऱ्याने ठिबकचे काम करताना उरलेला पाइप दिला. कडी, तोटी आणि फिनेल शाळेच्या अनुदानातून आणायचे ठरले. किल्ली सातवीच्या वर्गात खिळ्यावर टांगायची, कोणाला मागायला लागू नये. बचत गटातल्या बायांनी रविवारी आळीपाळीने एक फेरी मारायची. मी माझ्या परीने हात धुण्याचे वाहून जाणारे पाणी परसबागेकडे वळवून दिले. तिथे मेथी, पालक आणि दोन शेवगे लावले. पालेभाजी आता खिचडीत पडते.

आणखी एक गोष्ट केली. एक साधी वही घातली. पालक काय म्हणाला, शाळेने काय केले, आणि नाही जमले तर का नाही, असे तीन रकाने. ज्याला लिहिता येत नाही त्याचे म्हणणे शिक्षिका लिहून घेतात आणि वाचून दाखवतात. पुढच्या बैठकीची सुरुवात त्या वहीच्या वाचनाने होते.

सगळेच सुटले असे नाही. भावंडाला सांभाळणाऱ्या मुलींचा प्रश्न तसाच आहे. अंगणवाडी दुपारी सुटते, वेचणी दिवस मावळेपर्यंत चालते. मधल्या वेळात लहान मूल कोणाकडे ठेवायचे? एक आजी दोघा-तिघांना सांभाळायला तयार झाल्या, तेवढ्यापुरते भागले. वहीत त्या प्रश्नापुढचा तिसरा रकाना अजून भरतच आहे. पण प्रश्न आता लिहिलेला आहे, आणि तो नेमका कोणत्या मुलीचा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या गावच्या शाळेची बैठक असेल तर सवड काढून जा. तुमच्या कामाची वेळ सोडून बैठक ठेवा, असे सांगा. आयांना वेगळे बसून बोलू द्या. 'शाळा बिघडली' असे मोघम बोलू नका. काय, केव्हा आणि कोणाच्या मुलाचे, ते नेमके सांगा. आपल्या घरचे चुकत असेल तर तेही सांगा. आणि गुरुजींनो, बाईंनो, सांगणाऱ्याला लगेच उत्तर देऊ नका. आधी लिहून घ्या. मी 2008 साली घाईने उत्तर दिले होते. त्याची किंमत मला द्यावी लागली नाही, त्या बाईला द्यावी लागली.

गेल्या हंगामात त्याच शिवारात पुन्हा जाणे झाले. ती बाई वेचतच होती. मी काही विचारण्याआधी म्हणाली, "साहेब, बाटली आता रिकामी येती." एवढे बोलून ती पुढच्या झाडाकडे वळली.