त्रिकोणी पट्टी आणि ‘एकशे आठ’

सत्तरच्या दशकात पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत प्रथमोपचाराच्या वर्गाला मान होता. १९४८ च्या कारखाने कायद्याने दर १५० कामगारांमागे औषधाची एक पेटी आणि ती सांभाळायला प्रमाणपत्र मिळवलेला माणूस ठेवणं बंधनकारक केलं होतं. त्यासाठी सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा वर्ग आमच्या कँटीनमध्येच भरायचा. पहिली पाळी सुटली की बाकं भिंतीला लागायची, जमिनीवर सतरंजी पडायची आणि आम्ही टर्नर, फिटर, वेल्डर मंडळी हातांचं ग्रीस घासून काढून मांडी ठोकायचो. शिकवायला सैन्याच्या वैद्यकीय दलातून निवृत्त झालेले एक सुभेदार येत.

आमच्या सगळ्या विद्येचं मूळ त्रिकोणी पट्टीत होतं. मांजरपाटाचा गजभर चौरस तुकडा तिरपा कापला की दोन पट्ट्या व्हायच्या. त्याच पट्टीने डोकं बांधायचं, गुडघा बांधायचा, मोडलेल्या हाताला झोळी करायची. सुभेदारांचा सगळा जीव गाठीवर. उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. गाठ चपटी बसली पाहिजे, सुटता कामा नये आणि रुतताही कामा नये. झोळीची गाठ मानेच्या मणक्यावर आली तर ते न बोलता सोडायचे आणि गळ्याच्या हाडावरच्या खळग्यात पुन्हा बांधायला लावायचे. दुखणाऱ्या माणसाला आपल्यामुळे आणखी दुखू नये, ही शिकवण मला त्या गाठीतून मिळाली.

साधनं म्हणाल तर हाताशी असेल ते. ‘सकाळ’चे चार अंक एकावर एक घडी केले की मनगटाला आधाराची पट्टी तयार. छत्री, मोजपट्टी, झाडूचा दांडा, सगळं पायाच्या कामी यायचं. श्वास थांबलेल्याला पालथं झोपवून, डोक्याशी गुडघे टेकून बसायचं, पाठ दाबायची आणि कोपरं उचलायची, ही होल्गर नील्सनची पद्धत आम्ही घोकली. विजेच्या धक्क्यावर हीच पद्धत दाखवणारे तक्ते वीज मंडळाच्या प्रत्येक उपकेंद्रात भिंतीवर लावलेले असत. खरं तर छातीवर दाब देऊन बंद पडलेलं हृदय चालू ठेवता येतं, हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी १९६० मध्येच प्रसिद्ध केलं होतं. आमच्या सतरंजीपर्यंत ते ज्ञान पोचायला बराच काळ गेला.

माणूस रुग्णालयात न्यायचा कशातून, हा तेव्हाचा मोठा प्रश्न. ॲम्ब्युलन्स म्हणजे लाल चिन्ह रंगवलेली मॅटाडोर. आत लोखंडी स्ट्रेचर, नशीब असेल तर ऑक्सिजनचा सिलिंडर, पुढे ड्रायव्हर आणि मागे वॉर्डबॉय. तीही फोन करून, निरोप धाडून मिळायची. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर अपघात झाला की मिळेल त्या ट्रकमध्ये, टेम्पोत जखमीला चढवायचे. चौघे चार हातापायांना धरत आणि डोकं मागे लोंबत राही. त्या लोंबत्या मानेने किती जणांचा मज्जारज्जू कायमचा दुखावला असेल, कुणी मोजलं नाही. खेड्यात बाजेला वासे बांधून माणूस खांद्यावर न्यायचे. पालघर, नंदुरबारच्या काही पाड्यांवरून आजही डोलीतूनच बाळंतीण खाली उतरते, हे विसरून चालणार नाही.

मदत करणाऱ्याला पोलिसांची धास्ती असायची. जबाब, पंचनामा, कोर्टाच्या तारखा. रुग्णालयंही ‘पोलीस केस आहे’ म्हणून हात लावायला कचरत. आधी उपचार, बाकी सगळं नंतर, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात बजावलं. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये यासाठीचे नियम न्यायालयाने २०१६ मध्ये बंधनकारक केले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात त्याला संरक्षण देणारं कलम आलं. ज्या भीतीने कित्येकांचे पाय रस्त्याच्या कडेलाच थबकले, ती आज कायद्याने उरलेली नाही. हे गावागावांत ओरडून सांगायला हवं.

आता माझ्या भाचीची मुलगी बारावीनंतर इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचं, म्हणजे ईएमटीचं प्रशिक्षण घेते आहे. तिचा वर्ग पाहायला मी गेलो होतो आणि मला सुभेदारांची फार आठवण झाली. जमिनीवर रबरी पुतळा. त्याच्या छातीवर दोन्ही तळवे एकावर एक, कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब किमान पाच सेंटिमीटर आणि सहाच्या पुढे नाही. तीस दाब, मग दोन श्वास. खोली बरोबर गेली की पुतळ्यात ‘टक्’ आवाज येतो. ती टक्-टक् ऐकत शिक्षिका सारखं एकच सांगत होत्या, ‘छाती पूर्ण वर येऊ दे, हात उचलू नको.’ दोन मिनिटांनी जागा बदलायची, कारण दमलेल्या हाताचा दाब उथळ होतो आणि दमणाऱ्याला ते कळत नाही.

मग पाठीला मार लागलेल्याला उचलण्याचा सराव. एकाने दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरायचं, मानेला कॉलर, आणि डोकं धरणाराच आकडे मोजणार. ‘एक, दोन, तीन’ म्हणताच सगळ्यांनी मिळून रुग्णाला एकसंध कुशीवर वळवायचं, खाली बोर्ड सरकवायचा आणि पुन्हा मोजून परत ठेवायचं. खांदा पुढे आणि कंबर मागे, असं एकदाही झालं नाही. लोंबत्या माना पाहिलेल्या माझ्या डोळ्यांना ते दृश्य फार समाधानाचं वाटलं.

पोरीचा अभ्यासही मोठा. घटनास्थळी पाय ठेवण्याआधी स्वतःची सुरक्षितता पाहायची. जखमी अनेक असतील तर लाल, पिवळ्या, हिरव्या, काळ्या खुणा लावून कुणाकडे आधी जायचं ते ठरवायचं. रक्तातली साखर, ऑक्सिजनचं प्रमाण, रक्तदाब, घशातली घाण ओढून काढणं, गाडीतच बाळंतपण झालं तर नाळेला चिमटे लावणं. कॅज्युअल्टीत रात्रपाळ्या आणि ॲम्ब्युलन्सवरच्या फेऱ्या वेगळ्याच. शेवटी काय पाहिलं, काय केलं, किती वाजता केलं, हे सगळं लिहून रुग्ण डॉक्टरच्या हाती सोपवायचा. आमच्या वेळी उपचार रुग्णालयाच्या दारातच सुरू झाल्यासारखा वाटे. तिच्या शिक्षणात उपचार रस्त्यावरच सुरू होतो.

जुन्या शिकवणीतलं बरंचसं उलटं झालं आहे. साप चावला की वर घट्ट आवळा, पात्याने चीर द्या, पोटॅशियम परमँगनेट भरा, असं तेव्हाच्या पुस्तकांत असे. आता चीर नको, चोखणं नको, आवळणं नको. मोडलेल्या हाडासारखा तो अवयव स्थिर बांधायचा आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात लवकर न्यायचं. कोकणात विंचवाने कित्येक लेकरं जात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनने ते मरण आटोक्यात आणलं. औषध सापडलं की ते वेळेत पोचवणारा हातही लागतो, आणि आजची ही मुलं तेच काम शिकताहेत.

व्यवस्थाही उभी राहिली. २००५ मध्ये मुंबईत १२९८ या क्रमांकाची ॲम्ब्युलन्स सेवा आली, त्याच वर्षी १५ ऑगस्टला हैदराबादमध्ये १०८ सुरू झालं. महाराष्ट्राचं १०८ २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी धावू लागलं आणि प्रत्येक गाडीवर डॉक्टर आला. निरोप धाडून मॅटाडोरची वाट पाहिलेल्या पिढीला तीन आकड्यांवर येणाऱ्या या गाडीचं मोल अधिक कळतं.

तरीही तेव्हाची एक गोष्ट मला आज दिसत नाही आणि तिची उणीव जाणवते. तेव्हा खात्यात, चाळीत, कॉलेजच्या एनसीसीत, होमगार्डमध्ये पट्टी बांधता येणारा कुणीतरी सापडायचाच. थोडं येत असे, पण पुष्कळांना येत असे. आज पुष्कळ येतं, पण मोजक्यांनाच. हृदय थांबल्यावर काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. ॲम्ब्युलन्स कितीही वेगाने आली तरी ती पहिली मिनिटं शेजाऱ्याच्या, सहकाऱ्याच्या, वाटसरूच्याच हातात असतात. मदतीला धावायची वृत्ती आपल्यात आहे. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाची पोरं रात्री-अपरात्री दरीत उतरतात, ती कुणाच्या हुकमाने नाही. त्या वृत्तीला शिक्षणाची जोड हवी.

ते शिक्षण द्यायला या ईएमटी मुलामुलींइतकं योग्य कुणी नाही. आज त्यांच्यापैकी अनेकांना कंत्राटी नोकरी, लांबलचक पाळ्या आणि तुटपुंजा पगार स्वीकारावा लागतो. नातेवाईक त्यांना ‘गाडीवरची माणसं’ समजून खेकसतात. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याने त्यांच्या व्यवसायाला नाव दिलं. आता त्याला साजेसा पगार आणि बढतीची वाट मिळायला हवी. प्रत्येक कारखान्याने, कॉलेजने, गृहनिर्माण सोसायटीने वर्षातून एकदा त्यांना बोलवावं, मानधन द्यावं आणि समोर बसून शिकावं. गणेशोत्सवाच्या मांडवात व्याख्यानं होतात, तिथे एक संध्याकाळ रबरी पुतळ्यासाठी राखून ठेवली तरी सुरुवात होईल. आमच्या सोसायटीच्या सभेत मी तसा प्रस्ताव ठेवला आहे. पहिला वर्ग माझी ही नातच घेणार आहे, आणि तिने हो म्हटलं आहे.