मागच्या रांगेतील चेहरा

स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे निवडण्याचे काम संपादक मंडळाने माझ्याकडे सोपविले. इतिहासाच्या शिक्षकाला जुन्या कागदांत रमणे आवडते, हे त्यांना ठाऊक असावे. शाळेच्या कपाटातून चार अल्बम, सुट्या फोटोंनी भरलेले दोन बिस्किटांचे डबे आणि काही सीडी निघाल्या. त्यांत २००७ च्या स्नेहसंमेलनाचे एक छायाचित्र पुन्हा हाती आले. ते या अंकात छापलेले नाही. का छापले नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

त्या संध्याकाळी भारनियमन होते. भाड्याच्या जनरेटरवर मंचापुढे दोन बल्ब लावले होते. शाळेने त्याच वर्षी घेतलेला छोटा डिजिटल कॅमेरा माझ्याकडे होता. समूहगीतासाठी पंचवीस मुले-मुली तीन रांगांत उभी राहिली. फ्लॅशचा उजेड पहिल्या रांगेपर्यंत पोहोचला आणि तेथेच संपला. दुसऱ्या रांगेचे चेहरे राखाडी उमटले. तिसऱ्या रांगेत चेहऱ्यांच्या जागी तांबडे-हिरवे कण तेवढे दिसत होते.

एप्रिलमध्ये ऊसतोडीहून परतलेली एक आई मुलीला सुट्टीसाठी न्यायला आली. संमेलनाच्या वेळी ती उसाच्या फडात होती. तिने विचारले, "सर, फोटो काढला म्हणं तुम्ही. ह्यातली माझी कोणती?"

मुलगी मागच्या रांगेत होती, एवढेच मला आठवत होते. मी त्या कणांकडे पाहिले आणि डावीकडून तिसऱ्या आकृतीवर बोट ठेवले. माउलीने पदराने फोटो पुसला, डोळ्यांजवळ नेला. मी तिला एक प्रत काढून दिली. पुराव्यावाचून विधान करू नये, असे वर्गात शिकविणाऱ्या माणसाने त्या दिवशी खोटी साक्ष दिली.

दोष मी अंधाराला दिला होता. पुढे काही वर्षांनी शाळेला दुसरा कॅमेरा मिळाला. त्याच्या माहितीपत्रकात 'बॅक-इल्युमिनेटेड सेन्सर' असे शब्द होते. मुलांनी अर्थ विचारला आणि मला वाचणे भाग पडले. तेव्हा कळले की दोष एकट्या अंधाराचा नव्हता.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सिलिकॉनची चिप असते. तिच्यावर लक्षावधी सूक्ष्म घरे असतात. त्यांना आपण पिक्सेल म्हणतो. प्रकाश पडला की प्रत्येक घरात विद्युतभार साठतो आणि त्याच्या मोजणीतून चित्र उभे राहते. ही मोजणी करण्यासाठी धातूच्या तारांचे अनेक थर लागतात. चिप घडविताना आधी सिलिकॉनमध्ये प्रकाश ग्रहण करणारा भाग तयार होतो आणि तारांचे थर त्याच्यावर चढविले जातात. भिंगही त्याच बाजूला येत असे. म्हणजे प्रकाशाला तारांच्या जाळीतून वाट काढीत खाली उतरावे लागे. काही प्रकाश तारांवर आपटून परत फिरे, तर तिरका येणारा प्रकाश घरापर्यंत पोहोचतच नसे.

मुलांना मी वसतिगृहाचेच उदाहरण दिले. आपल्या खोल्यांच्या पुढच्या खिडक्यांसमोर कपडे वाळविण्याच्या दोऱ्या आहेत. ऊन भरपूर असते, तरी खोलीत अंधार राहतो. मागची खिडकी शेताकडे उघडते, तेथे आड काहीच नाही. अभियंत्यांनी नेमके हेच केले. त्यांनी चिप उलटी केली. तारा मागे गेल्या आणि प्रकाशग्राही भाग भिंगाकडे आला.

सांगायला हे सोपे आहे. करायला मात्र फार कठीण होते. सिलिकॉनची मूळ चकती सुमारे पाऊण मिलिमीटर जाडीची असते. पाठीमागून आलेला प्रकाश योग्य जागी पोहोचावा म्हणून ती अवघ्या काही मायक्रॉनपर्यंत झिजवावी लागते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढा पातळ पापुद्रा स्वतःच्या बळावर टिकत नाही, म्हणून त्याला दुसऱ्या चकतीचा आधार चिकटवतात. शिवाय उघड्या पडलेल्या पृष्ठभागातून प्रकाश नसतानाही खोटे संकेत निर्माण होतात. त्यांनाही आवर घालावा लागतो.

कल्पना नवी नव्हती. १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीच्या पहिल्या मुख्य कॅमेऱ्यात अशाच पातळ केलेल्या, पाठीमागून प्रकाश घेणाऱ्या आठ चिप होत्या. दूरच्या ताऱ्याच्या प्रकाशाचा प्रत्येक कण मोलाचा, म्हणून तेथे खर्चाला कोणी मागेपुढे पाहिले नाही. सामान्य माणसाच्या कॅमेऱ्यापर्यंत ती पद्धत यायला बराच काळ गेला. पिक्सेल लहान होत गेले, तसा त्यांच्या तुलनेत तारांचा अडथळा मोठा होत गेला आणि उद्योगाला उपाय शोधावाच लागला. सोनी कंपनीने जून २००८ मध्ये अशा सेन्सरची घोषणा केली. त्याचे पिक्सेल १.७५ मायक्रॉनचे होते. २००९ मध्ये तो बाजारातील कॅमेऱ्यांत आला. संवेदनक्षमता सुमारे दुप्पट झाल्याचे कंपनीने सांगितले. पुढे हीच रचना मोबाइलमध्ये सर्रास आली. मोठ्या आकाराच्या सेन्सरमध्ये मात्र तिचा लाभ तुलनेने कमी, कारण तेथे पिक्सेल ऐसपैस असतात आणि तारा त्यांची थोडीच जागा अडवितात.

२००७ मध्ये असा कॅमेरा असता तर सारे चेहरे लख्ख उमटले असते, असे मी म्हणणार नाही. दुप्पट म्हणजे दुप्पटच. दोन बल्बांचे चार झाले असते इतकेच. तरी आईला आपली मुलगी ओळखता आली असती, असे वाटते. मला सलते ते वेगळेच. मागच्या रांगेवर उजेड कमी होता हे खरे. पण जो थोडा पोहोचला होता, त्यातलाही काही आमच्या यंत्राने आतल्या आत अडविला. आणि मी म्हणत राहिलो की अंधार होता. एखादे मूल वर्गात मागे पडते तेव्हाही आपण शिक्षक बहुधा हेच म्हणतो. मध्ये काय आडवे आले आहे, हे आपण पाहत नाही.

ती मुलगी आज परिचारिका आहे. मागील वर्षी माजी विद्यार्थी मेळाव्याला ती आली होती. दिवस मावळल्यावर कडुनिंबाखाली सर्वांना उभे करून तिने आपल्या मोबाइलवर फोटो काढला. फ्लॅश नव्हता. मी शेवटच्या रांगेत होतो आणि माझा चष्मासुद्धा स्पष्ट दिसत होता. तेव्हा मी तिला ती जुनी गोष्ट सांगून टाकली.

ती हसली. म्हणाली, "सर, ती मी नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. मी उजव्या टोकाला होते. पण आईनं तो फोटो फ्रेम करून भिंतीला लावलाय. रोज बघते. मग कशाला सांगायचं?"

मी काय बोलणार? आईच्या भिंतीवरचा फोटो तेथेच राहू द्यावा, असे आमचे ठरले. शाळेच्या प्रतीचे मात्र तसे नाही. ती उद्याच्या वाचकासाठी पुरावा आहे. तिच्या पाठीवर मी पेन्सिलने लिहिले आहे : 'स्नेहसंमेलन, २००७. मागच्या रांगेतील मुले ओळखता येत नाहीत.' त्या संध्याकाळचे दुसरे छायाचित्र कोणा माजी विद्यार्थ्याकडे किंवा पालकाकडे असल्यास त्यांनी ते शाळेकडे अवश्य पाठवावे. उजव्या टोकाचे नाव मला आता ठाऊक आहे. उरलेली नावे लिहायची आहेत.