चित्र बदललं, फाईल नाही



कॉम्प्युटरवर प्रत्येक फाईलला एक छोटं चित्र असतं, त्याला आयकॉन म्हणतात. नाव वाचायच्या आधी आपण ते चित्रच ओळखतो. म्हणून ते अचानक बदललं की पोटात गोळा येतो.

मुलुंडला राहणाऱ्या माझ्या धाकट्या जाऊबाईचा असाच फोन आला. "वहिनी, यांचे सगळे कागद गेले!" भाऊजींना जाऊन दोन वर्षं झाली. एफडीच्या पावत्या, मेडिक्लेम, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळं त्यांनी स्कॅन करून ठेवलेलं. आता त्या प्रत्येक पीडीएफवर नोटपॅडचं चित्र दिसत होतं आणि उघडलं की नुसती अगम्य अक्षरं. दुरुस्तीवाला म्हणाला, फॉरमॅट करावं लागेल. मी म्हटलं, "कशाला हात लावू नकोस, मी येते."

बोरिवलीहून जाऊन पाहिलं. त्या अगम्य अक्षरांच्या अगदी वर 'पीडीएफ' ही तीन अक्षरं स्पष्ट होती. म्हणजे फाईल जागेवरच होती. कोणीतरी ती नोटपॅडमध्ये उघडून 'ऑलवेज' दाबलं होतं, एवढंच. हळदीच्या डब्यावर बेसनाचं लेबल लावलं म्हणून आतली हळद बदलत नाही. फाईलवरचं चित्र आत काय आहे ते सांगत नाही. ती कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडेल ते सांगतं.

उपाय दोन मिनिटांचा. फाईलवर राइट क्लिक करा, 'ओपन विथ' आणि मग 'चूज अनदर ॲप' निवडा. पीडीएफ उघडणारा प्रोग्रॅम निवडून 'ऑलवेज' करा. एका फाईलला केलं की सगळ्या पीडीएफ सुधारतात.

कधी फाईल बरोबर उघडते, पण चित्र जुनंच राहतं. विंडोज ही चित्रं एकदा साठवून ठेवतं आणि तीच दाखवत राहतं. आधी कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. नाहीच जमलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'विंडोज एक्सप्लोरर' निवडून 'रीस्टार्ट' दाबा. स्क्रीन क्षणभर कोरी होते, घाबरू नका.

चित्र सुधारण्यासाठी नावाच्या शेवटचं 'डॉट पीडीएफ' मात्र बदलू नका. त्याने चित्र बदलेल, पण आतला मजकूर तोच राहील आणि फाईल उघडणार नाही.

हे शेवटचं टोक विंडोज बहुतेक वेळा लपवून ठेवतं. फोल्डरच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. विंडोज ११ असेल तर तो पर्याय 'व्ह्यू'मधल्या 'शो'खाली मिळेल. कारण चित्र फसवूही शकतं. 'लग्नपत्रिका डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' अशी फाईल पीडीएफचं चित्र लावून येऊ शकते, पण ती असते प्रोग्रॅम. तशीच मोबाईलवर लग्नपत्रिकेच्या नावाने 'डॉट एपीके' येते. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, आधी फोन करून विचारा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.

जाऊबाईने त्याच संध्याकाळी भाऊजींचे सगळे कागद पेन ड्राइव्हवर उतरवले. तुम्हीही आजच उतरवा. आणि कोणी फॉरमॅट करू म्हणालं, तर आधी एक फाईल 'ओपन विथ'ने उघडून बघा.